शेवटच्या पानापासून वर

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

घरी येऊन आभार मानायला लागले की तुम्ही "चहा टाकतो" म्हणत आत निघून जाता. म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे. इथून उठून जाण्याची सोय नाही.

दोन वर्षांपूर्वी, गणपतीच्या तोंडावर, मी एक कथा घेऊन तुमच्याकडे खाली आले होते. एका दिवाळी अंकाकडून साभार परत आलेली. एक मुलगी दिवसभर आईशी बोलते, गोळ्यांवरून कटकट करते, मालिका लावून देते. आणि शेवटच्या ओळीत कळतं की आई भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोत आहे. लिहिताना माझ्याच अंगावर काटा आला होता. संपादकांच्या का आला नाही, एवढंच मला विचारायचं होतं.

तुम्ही आठ दिवसांनी कागद परत दिलेत, लाल-निळ्या पेन्सिलीच्या खुणांसकट. जन्मभर बँकेच्या शाखांचं ऑडिट केलेला माणूस कथा कशी वाचणार, हे मला आधी कळायला हवं होतं. "खालून वर वाचली," म्हणालात. शेवट खरा धरायचा आणि मग वरच्या एकेका वाक्याला विचारायचं, तुझं व्हाउचर कुठे आहे? सापडलं तर निळी टिक, नाहीतर लाल.

दुसऱ्या पानावर एका वाक्याभोवती लाल गोल होता. "आईने कप बाजूला सारला."

"हा कप कोणी सारला?"

"काका, ती त्या मुलीची कल्पना आहे."

"असेल. पण हे वाक्य मुलगी बोलत नाहीये, तू बोलते आहेस. वाचकाला चकव, खुशाल चकव. खोटी नोंद करू नकोस."

मला राग आला होता, आता सांगायला हरकत नाही. असं धरलं तर धक्क्याचा शेवट असलेली प्रत्येक कथा फसवणूकच, असं मी तावातावाने म्हटलं. त्यावर तुम्ही फ्रेंच कथाकार मोपासाँची १८८४ची ती हिऱ्यांच्या हाराची गोष्ट काढलीत. मी ती शाळेत वाचली होती आणि मला पाठ आहे अशी माझी समजूत होती. मैत्रिणीचा उसना हार हरवतो, नवराबायको ३६,००० फ्रँकांचा दुसरा घेऊन परत करतात, दहा वर्षं कर्ज फेडत झिजतात, आणि शेवटी कळतं की मूळ हार खोटा होता, फार तर ५०० फ्रँकांचा.

"मधला सराफ आठवतो का?" तुम्ही विचारलंत. मला नव्हता आठवत.

दुसऱ्या दिवशी आपल्या बडोद्यातल्या मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत जाऊन ती गोष्ट परत वाचली. (सयाजीरावांनी १९१० साली बोर्डन नावाच्या ग्रंथपालांना अमेरिकेहून आणलं ते कशासाठी, याचं उत्तर मला त्या दुपारी माझ्यापुरतं मिळालं.) सराफ होता. हाराच्या पेटीवर ज्याचं नाव होतं त्याच्याकडे दोघं जातात. तो चोपडे काढून बघतो आणि सांगतो, हार मी विकलेला नाही, माझी फक्त पेटी असावी. बस, तेवढंच. पेटी एकाची, हार भलत्याचाच. अख्खा शेवट त्या वाक्यात उघडा पडलेला आहे, आणि आपण त्या बाईच्या काळजीत इतके बुडालेलो असतो की त्यावरून चालत पुढे जातो. मोपासाँने काही लपवलं नव्हतं. माझंच लक्ष नव्हतं.

रहस्यकथेवाल्यांनी तर याचा नियमच केला होता, हे नंतर वाचलं. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज पाद्र्याने १९२९मध्ये दहा नियम घातले. त्यात एक असा की गुप्तहेराच्या हाती लागलेला दुवा लगेच वाचकापुढेही ठेवायचा. तुम्हाला तो नियम भलताच आवडला. आणि मी २०११चा कॅलिफोर्नियातला तो प्रयोग सांगितला, ज्यात लोकांना आधीच शेवट सांगून कथा वाचायला दिल्या आणि त्यांना त्या जास्तच आवडल्या, तेव्हा तुम्ही शेवउसळीत तरी ओतून घेत म्हणालात, "मी शेवटचं पान आधी वाचतो तेव्हा तुझी काकू मला हसायची."

एका बाबतीत मात्र माझं तुमच्याशी अजून पटत नाही. तुमच्या मते टिका जुळल्या की कथा प्रामाणिक. मला नाही तसं वाटत. सगळी वाक्यं खरी ठेवूनही माझी कथा लबाडच राहिली असती, कारण त्यातली आई शेवटच्या ओळीत मरण्यापुरतीच होती. तिला ना आवडनिवड, ना एखादी खोड. वाचकाचा हिशेब मी चुकता केला असता, पण त्या बाईचा बाकीच राहिला असता. दांडिया बाजारातून परत येताना मी हे बोलले, तेव्हा तुम्ही बराच वेळ काही बोलला नाहीत. मग म्हणालात, "ते माझ्या पेन्सिलीत येत नाही." काका, आभार मानायचे आहेत ते मुख्यतः या वाक्याचे.

कथा पाचव्यांदा लिहिली. फोटो काढून टाकला. आता मुलगी सकाळी दोन कप चहा करते. आईचा बशीने झाकून ठेवते, आलं जास्त घालून, कारण आईला घसा जाळणारा चहाच लागायचा. संध्याकाळी तो गार चहा ती मोगऱ्याच्या कुंडीत ओतते आणि कप विसळून पालथा घालते. "लागायचा" हे एक क्रियापद उघडं ठेवलं आहे. ज्याला तिथेच कळेल त्याला कळू दे. कप कोणीही सारत नाही.

कुठे पाठवण्याआधी तुमच्या दारातल्या पिशवीत पाकीट ठेवलं आहे. शेवटचं पान वर लावलंय.

आपली,
वरच्या मजल्यावरची