ओवीचा पलंग

अमळनेर,
संक्रांतीनंतरचा रविवार

प्रिय रव्या,

दिवाळीच्या पत्राला आत्ता उत्तर देतोय, ओरडून घे. आम्ही बरे आहोत, आईचे गुडघे तसेच. पण ओवीने काल तिच्या बाळपणीच्या कॉटच्या कठड्यावर पाय टाकला आणि मला तुमची शालूच आठवली. म्हणून तुला लिहितोय, दुसऱ्या कोणाला हे कळणार नाही.

आई म्हणते, "आखाजीलगून राहू दे, मंग काढसूत." आखाजीलाच, म्हणजे अक्षय्य तृतीयेलाच, तर दुसरं बाळ येणार आहे! त्याच आठवड्यात कॉट काढली तर बाळाने आपली जागा घेतली असंच पोरीला वाटणार. कठडा चढत नसती तर मीही थांबलो असतो, नवीन बाळाला सुरुवातीला झोळी पुरते आणि मूल तीनच्या जवळ गेलेलं बरंच असतं. पण आता थांबता येत नाही. तळफळी सगळ्यात खालच्या खाचेत आहे, पायरी करेल अशी उशी-लोड आत काही नाही, तरी ती चढते. उंची नव्वद सेंमीला टेकली किंवा कठडा उभ्या मुलाच्या छातीच्या खाली आला, की कॉटमधून पडणं हे पलंगावरून पडण्यापेक्षा वाईट. तिथून मूल डोक्यावर येतं.

पलंग कोणता, यावर घरात रोज वाद. बाबांची नवारीची खाट मध्ये झोळ खाते, ती नको. सागवानी पलंग दीड फूट उंच. नुसती जमिनीवर गादी सगळ्यात सोपी, पण आपल्याकडे विंचू निघतात, तुला सांगायला नको. म्हणून सुताराकडून आठ इंच पायांची चौकट करून घेतोय, वर फळ्या, फळ्यांत बोटभर फट ठेवून, म्हणजे कापसाची गादी दमट होणार नाही. गादी घट्ट भरलेली. बाजूचा कठडा गादीच्या वर पाच इंच तरी हवा, पट्ट्यांतली फट सहा सेंमीच्या आत आणि पायथ्याकडे उतरायला वाट. खरा धोका गादी आणि भिंतीच्या मधल्या फटीचा. अंग आत सरकतं, डोकं अडकतं. एक तर गादी भिंतीला गच्च भिडवायची, नाहीतर पलंग चांगला फूटभर दूर. (हॉस्टेलात भिंतीकडची जागा तूच बळकावायचास. अजून माफ केलेलं नाही.)

कॉट होती तोवर रात्री ती कॉटपुरती होती. आता अख्खं घर तिचं. लोखंडी कपाट एल-अँगलने भिंतीला बांधायचं, कारण खण उघडून चढलं की ते पुढे येतं. पलंग खिडकीखाली नको, कूलर आणि त्याची वायर हाताशी नको. गच्चीच्या दाराची कडी वर. न्हाणीघराचं दार बंद आणि बादल्या रात्री पालथ्या, एवढी लहान पोरं वीतभर पाण्यातही बुडतात.

आधी दुपारची झोप तिथे, रुळली की रात्रीची. जागा कॉटचीच, गोधडी तीच, चादर मात्र तिने निवडायची. ताप किंवा दात असेल तर पुढे ढकलायचं, लंगोट सोडवणंही याच महिन्यात नको. उठून बाहेर आली की हात धरून परत न्यायचं, "झोपायची वेळ झाली" एवढंच म्हणायचं. दहा वेळा आली तरी दहा वेळा. रागावलं किंवा लाड केले, दोन्हीने तिला उठण्यात गंमत वाटते. आई हे पाळेल का, ही माझी खरी काळजी. तिला नातीचं रडणं सोसत नाही.

आणि मोकळी झाली की कॉट खोलून माळ्यावर. बाळासाठी काढायची तेव्हा बोल्ट पुन्हा आवळून.

तुझ्या बदलीचं काय? वहिनींचा निकाल लागला का? वांगी संपायच्या आत भरीत खायला ये.

शालूला एक विचार. तेव्हा कॉट गेल्याचा राग जास्त होता की तिच्यादेखत धाकट्याला त्यात निजवल्याचा? तिने सांगितलं की लगेच कळव, सुतार बुधवारी येतोय.

तुझा,
प्रकाश