सही मीच केली होती, मत मात्र ‘नो’ला दिलं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

2021 च्या सप्टेंबरात तुमच्या पेपरात कॅलिफोर्नियातल्या रिकॉल इलेक्शनची (म्हणजे निवडून आलेल्या गव्हर्नरला मुदतीआधीच काढायचं का यावरच्या मतदानाची) चार ओळींची बातमी होती, वर हेडिंग होतं ‘राज्यपालांवर जनतेचा विश्वास कायम’. आमच्या सासऱ्यांनी त्याचा फोटो काढून व्हॉट्सअॅपवर पाठवला आणि पाठोपाठ फोन, काय हो जावईबापू, राज्यपाल तर राष्ट्रपती नेमतात, त्यांना लोक कसे काय काढणार? त्यांना समजावण्यात अर्धा तास गेला. इथला गव्हर्नर म्हणजे राजभवनात बसून शपथा देणारा माणूस नव्हे, लोकांनी थेट मत देऊन चार वर्षांसाठी निवडलेला असतो, बजेट त्याच्या सहीने, लॉकडाउन त्याच्या सहीने, म्हणजे आपला मुख्यमंत्रीच धरा, फक्त आमदार फोडून त्याला पाडता येत नाही. तेव्हा पहिली विनंती ही की पुढच्या वेळी सरळ गव्हर्नर लिहा. पण माझी खरी तक्रार ‘विश्वास कायम’वर आहे.

मी फ्रीमाँटला राहतो, वीस वर्षं झाली, मतदानाचा हक्क मिळून दहा. या प्रकरणात मी जरा विचित्रच प्राणी आहे कारण आमचे डेमोक्रॅट गव्हर्नर न्यूसम यांना काढा या अर्जावर मी स्वतः सही केली होती आणि सप्टेंबरात मत मात्र काढू नका म्हणून दिलं. हसू नका, असे माझ्या ओळखीतच अजून तिघं आहेत.

सही कशी झाली ते सांगतो. जानेवारी महिना, ग्रोसरीच्या दुकानाबाहेर घडीचं टेबल, मास्क हनुवटीखाली घेतलेले दोघं जण, आणि टेबलावर पेनांचे दोन डबे, एकात वापरलेली, एकात पुसलेली, हे मला फार आवडलं का कोण जाणे. आमचा मुलगा तेव्हा दहा महिने डायनिंग टेबलावर लॅपटॉपसमोर शाळा करत होता, कॅमेरा बंद, तोंड सुकलेलं. आणि नोव्हेंबरात काय झालं, तर लोकांना सांगायचं की दुसऱ्या घरच्यांबरोबर जेवायला बसू नका आणि स्वतः साहेब 6 नोव्हेंबरला नापामधल्या यॉंटव्हिलच्या फ्रेंच लाँड्रीत, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात महागड्या हॉटेलांपैकी एकात, मित्राच्या वाढदिवसाला डझनभर लोकांत. मित्र कोण तर लॉबिइस्ट, म्हणजे कंपन्यांची सरकारदरबारची कामं करून घेणारा. आधी म्हणाले बाहेर मोकळ्यावर बसलो होतो, मग फोटो आले. त्यात त्यांची स्वतःची मुलं प्रायव्हेट शाळेत वर्गात जाऊन बसत होती. डोकं फिरणार नाही तर काय. पुसलेलं पेन घेतलं आणि सही ठोकली.

तो अर्ज मी वाचला नाही. घरी येऊन ऑनलाइन वाचला तर त्यात कोरोनाचा शब्द नाही! कारण अर्ज दाखल झालेला फेब्रुवारी 2020 मधे, लॉकडाउनच्या आधी. त्यात काय होतं तर हे गव्हर्नर बेकायदा आलेल्या परदेशी लोकांना आपल्या नागरिकांपेक्षा झुकतं माप देतात, टॅक्स देशात सगळ्यात जास्त, बेघर लोक वाढले, फाशीची शिक्षा थांबवली, पाण्यावर रेशनिंग आणणार वगैरे. म्हणजे मी, ज्याने ग्रीन कार्डाच्या रांगेत इतकी वर्षं काढली, मी ‘परदेशी लोकांचे लाड’ या तक्रारीखाली सही करून आलो होतो आणि मनात होती पोराची शाळा. बायकोला दाखवलं तर ती म्हणाली, घराचे पेपर करताना पण असंच न वाचता केलंस का?

आता सही परत घेता येत होती, तशी मुदत दिली होती सगळ्यांना. पूर्ण राज्यात किती जणांनी घेतली माहिती आहे? 43. ग्राह्य धरलेल्या सह्या 17 लाखांच्या वर आणि मागे फिरले 43. त्या 43 मधे मीही नाही. आळस म्हणा, आणि खरं सांगायचं तर राग गेलेला नव्हता.

तुमच्या वाचकांना वाटेल एवढ्या सह्या म्हणजे केवढी लाट. आकडा मोठा आहेच पण नियमही बघा, मागच्या गव्हर्नर निवडणुकीत जेवढं मतदान झालं त्याच्या 12 टक्के सह्या लागतात, म्हणजे यावेळी 14,95,709, आणि मूळ मुदत 17 नोव्हेंबर 2020 होती. कोरोनामुळे सह्या गोळा करता येत नाहीत म्हणून कोर्टाने ती 17 मार्च 2021 पर्यंत वाढवली आणि नेमकं त्याच दिवसांत ते जेवण गाजलं. मुदत वाढली नसती तर हा सगळा खेळ झालाच नसता असं मला वाटतं, उगाच का म्हणतात काळ आला होता पण वेळ आली नव्हती.

मग ऑगस्टमधे मतपत्रिका घरपोच आली, यावेळी राज्यातल्या प्रत्येक नोंदणीकृत मतदाराला पोस्टाने पाठवली होती. काही काउंटींच्या (म्हणजे इथल्या जिल्ह्यांच्या) पाकिटांना सहीच्या रेघेच्या दोन बाजूंना दोन भोकं होती त्यावरून केवढा गोंधळ झाला, म्हणे भोकातून तुमचं मत दिसतं आणि ‘येस’वाली पाकिटं फेकून देणार. अहो ती भोकं दृष्टी नसलेल्यांना बोटाने सहीची जागा कळावी म्हणून असतात, कित्येक वर्षांपासूनची. मतपत्रिका दुसऱ्या बाजूने घडी घालून टाकली की झालं. पण आमच्या एका ग्रुपवर तीन दिवस दुसरा विषय नव्हता.

असो. मतपत्रिकेवर प्रश्न दोन. पहिला, गव्हर्नरला काढायचं का, येस किंवा नो. दुसरा, काढलंच तर त्यांच्या जागी कोण, आणि खाली 46 नावं. ज्यांना काढायचंय त्यांचं नाव दुसऱ्या यादीत असू शकत नाही. इथेच सगळी गोम आहे. पहिल्या प्रश्नाला निम्म्याहून एक मत जास्त लागतं पण दुसऱ्याला तसं काही नाही, सगळ्यात जास्त मतं ज्याला तो गव्हर्नर, मग ती वीस टक्के का असेनात. म्हणजे 49 टक्के लोकांना हवा असलेला माणूस घरी आणि वीस टक्क्यांचा माणूस खुर्चीत, हे कायद्यात बसतं. जुलैअखेर बर्कली युनिव्हर्सिटीचा पोल आला त्यात नक्की मतदान करणाऱ्यांत काढा म्हणणारे 47 आणि ठेवा म्हणणारे 50, आणि यादीत सगळ्यात पुढे रेडिओवाले रिपब्लिकन लॅरी एल्डर, पण तेही वीसच्या आतच. त्या दिवशी आमच्या घरात पहिल्यांदा सगळे गप्प झाले.

कारण तोपर्यंत चर्चा न्यूसम चांगला की वाईट अशी होती, तिथून ती एल्डर आले तर काय यावर आली. कोरोनाच्या डेल्टाची लाट जोरात, आणि एल्डर म्हणत होते निवडून आल्या आल्या मास्क आणि लशीची सक्ती रद्द. शिवाय आमच्या डेमोक्रॅट सिनेटर फाइनस्टाइन 88 वर्षांच्या, सिनेटमधे दोन्ही पक्ष 50-50, त्यांची जागा मधेच रिकामी झाली तर नेमणूक गव्हर्नर करणार, म्हणजे आमच्या पोराच्या शाळेवरून निघालेला राग थेट वॉशिंग्टनच्या बहुमतापर्यंत जाऊन पोचला. मी ‘नो’वर गोल काळा केला. ते न्यूसमना शाबासकी म्हणून नव्हतं, हे तुमच्या हेडिंगवाल्याला कसं सांगू.

दुसऱ्या प्रश्नावर मात्र घरात भांडण. डेमोक्रॅट लोकांचा प्रचार होता की नो करा आणि दुसरं कोरं सोडा. मी म्हणलं कोरं का सोडायचं, हरलो तर निदान बऱ्यातला बरा येईल. बायको म्हणाली त्यांच्या यादीवर खूण केली की यादीला मान दिल्यासारखं होतं. (तिने पहिल्या प्रश्नाला काय केलं ते तिने आजवर सांगितलेलं नाही.) शेवटी मीही कोरंच सोडलं आणि अजून टोचतंय ते. नंतर अधिकृत निकाल लागला त्यात बघा, पहिल्या प्रश्नावर सव्वा कोटीच्या वर मतं आणि दुसऱ्यावर फक्त 73-74 लाख, म्हणजे पन्नास लाखांहून जास्त लोकांनी दुसरा प्रश्न रिकामा सोडला. एल्डरना त्यातली 48 टक्के, पस्तीस लाखांच्या वर. ठेवा म्हणणारे 79 लाख.

आणि ‘येस’वाले सगळे एल्डरवाले होते असंही नाही हो. आमच्या शेजारच्या बाई सलून चालवतात, दुकान कितीदा बंद झालं उघडलं त्याचा हिशोब त्यांनी आरशाला चिकटवलेल्या कागदावर ठेवलाय, मधे एकदा तर पार्किंगमधे तंबू ठोकून त्याखाली खुर्च्या मांडून केस कापत होत्या, वाऱ्याने केस सगळीकडे. आयुष्यभर डेमोक्रॅट. यावेळी येस, आणि दुसऱ्या प्रश्नाला सॅन डिएगोचे माजी मेयर फॉकनर. त्यांना एल्डर नको होते, फक्त कोणीतरी ऐकून घ्यावं असं वाटत होतं, आणि मतपत्रिकेवर तसा काही पर्याय नसतो.

2003 मधे मी इथे नवीन होतो, व्हिसावर, मत नव्हतं पण टीव्हीसमोरून हललो नव्हतो. तेव्हाचे गव्हर्नर ग्रे डेव्हिस यांना लोकांनी खरंच काढलं, 55 टक्क्यांनी, आणि यादीत 135 नावं. विजेचं संकट, गाडीच्या फीची तिप्पट वाढ, त्यावर लोक पेटले होते. पण एक फरक विसरून चालत नाही, त्यांच्या जागी आलेल्या श्वार्झनेगरना जेवढी मतं पडली ती डेव्हिसना ठेवा म्हणणाऱ्यांपेक्षा जास्त होती. त्यामुळे वीस टक्केवाला प्रश्न तेव्हा उठलाच नाही, नियमातलं भोक तसंच राहिलं. हा नियम 1911 पासूनचा आहे, रेल्वे कंपनीच्या मुठीतलं राजकारण सोडवायला हायरम जॉन्सन गव्हर्नरांनी आणलेला, हेतू चांगलाच होता.

या बाबतीत मला विस्कॉन्सिन राज्याची पद्धत बरी वाटते. तिथे 2012 मधे गव्हर्नर स्कॉट वॉकर विरुद्ध टॉम बॅरेट अशी समोरासमोर लढत झाली, ज्याला काढायचंय तोही उभा, एकच प्रश्न. भांडण सरकारी कर्मचाऱ्यांच्या युनियनचे हक्क कापल्याचं, सह्या नऊ लाख, आणि तरी वॉकर 53 टक्क्यांनी टिकले. मतदान करून बाहेर पडलेल्यांना विचारलं तेव्हा साधारण 60 टक्के म्हणाले की रिकॉल फक्त गैरव्यवहार केला तरच करावा. म्हणजे वॉकर आवडत नसूनही मधेच काढायला नको म्हणून त्यांना मत दिलेले लोक त्यात असणारच. मी स्वतः त्याच जातीचा. 2022 च्या नोव्हेंबरात इथे रेग्युलर निवडणूक होतीच, त्याच्या एक वर्ष आधी राज्याच्या अंदाजाने 27 कोटी 60 लाख डॉलर खर्चून हे करायचं म्हणजे... पण सही करताना हे आठवलं नाही ना.

आता मजा बघा. 2018 मधे न्यूसम निवडून आले तेव्हा त्यांना 61.9 टक्के, आणि यावेळी ‘नो’ला पण 61.9. तुमच्या बातमीदाराने बहुतेक हे दोन आकडे शेजारी ठेवले आणि हेडिंग दिलं. 2018 मधे मी त्यांना उत्साहाने मत दिलं होतं, यावेळी दात ओठ खाऊन दिलं, आकड्यात दोन्ही सारखंच दिसतं. शेजारच्या बाई तेव्हा त्या आकड्याच्या आत होत्या यावेळी बाहेर, त्यांच्या जागी कोणीतरी दुसरं आत आलं असणार. निकालानंतर सॅक्रामेंटोत, म्हणजे राज्याच्या राजधानीत, हा कायदा बदलायची चर्चा सुरू झाली, दुसरा प्रश्न काढून टाका, लेफ्टनंट गव्हर्नरला (गव्हर्नरच्या खालोखालच्या माणसाला) बसवा, असं काय काय. कायदा बदलायचा तर लोकांना परत मत द्यावं लागेल, म्हणजे अजून एक मतपत्रिका.

तेव्हा पुढच्या निवडणुकीची बातमी द्याल तेव्हा हेडिंगमधे विश्वास, नाकारलं, कौल असलं काही टाकण्याआधी किती लोकांनी कोरं सोडलं तो आकडाही छापा एवढंच म्हणणं आहे. सासऱ्यांना मी हे पत्र आधी वाचून दाखवलं, ते म्हणाले सगळं ठीक आहे पण न वाचता सही केली हे पेपरात कशाला सांगता.

आपला,
एक वाचक, फ्रीमाँट, कॅलिफोर्निया