पुन्हा नीट परीक्षा देणाऱ्यांच्या पाठीशी उभ्या राहिलेल्यांचे आभार

बीडीएसची (दंतवैद्यक पदवीची) जागा हुकल्यावर पुन्हा नीटला, म्हणजे वैद्यकीय प्रवेश परीक्षेला, बसलेल्या मुलामुलींना मदत करून नाव न सांगता निघून गेलेल्या सगळ्यांचे मनापासून आभार.

पहिले आभार चुकांची वही तपासणाऱ्या दादा-ताईंचे. जुना पेपर नुसता पुन्हा सोडवून उपयोग नसतो. ‘येत नव्हतं’, ‘प्रश्न नीट वाचला नाही’, ‘आकडेमोड चुकली’ असे तीन रकाने तुम्ही आखून दिलेत. चुकलेला प्रश्न 5 गुणांना पडतो: हातचे 4 जातात, वर 1 वजा. दुसऱ्या-तिसऱ्या रकान्यातले 10 प्रश्न सावरले की 50 गुण, तेही नवा धडा न वाचता!

सेतू केंद्रातल्या ताई, तुमचे तर विशेष. नॉन-क्रिमीलेअर दाखल्याची (कुटुंबाचं उत्पन्न आरक्षणाच्या मर्यादेत असल्याच्या दाखल्याची) मुदत 31 मार्चला संपते आणि मुलं गेल्या वर्षीचाच कागद घेऊन येतात. दाखल्यावरची तारीख तुम्ही बोट ठेवून दाखवलीत. जात वैधता प्रमाणपत्राचं आधीच विचारलंत, तेही बरं झालं. ते ऐनवेळी हाती येत नाही.

आणि प्रवेशासाठी कॉलेजांचा पसंतीक्रम भरताना ‘मिळेल ते’ वर न टाकता ‘हवं ते’ वर टाकायला लावणारे काका, तुमचेही आभार. जागांचं वाटप यादीत वरून खाली होतं, हे अजून कितीतरी पालकांना पटत नाही.