धुळीनं गेलेलं पीक कोणत्या रकान्यात लिहायचं?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

प्रदूषण म्हटलं की पेपरात दिल्लीचा धूर नाहीतर मुंबईचा एक्यूआय (हवा किती खराब ते सांगणारा आकडा), आमच्या जालना तालुक्यातल्या शेतात हवा काय करतेय ते कुणी लिहीत नाही म्हणून हे पत्र. शेताजवळ खडी क्रशर आहे अन् धुऱ्याला लागूनच हायवा (खडीचे मोठे डंपर) जायचा कच्चा रस्ता, दिवसभर नुसता फुपाटा. पाऊस उघडला की पानं धुतली जात नाहीत, मग रस्त्याकडच्या आठ-दहा तासांत (ओळींत) कपाशीचं पान हिरवं दिसतच नाही, बोटानं पुसलं तर पिठासारखी भुकटी निघते. पानाला ऊन लागंना, छिद्रं बुजलेली, मग ते झाडाला पोसणार कसं? बोंड बारीकच राहतं. फुटलेल्या बोंडातही धूळ बसते, वेचणीच्या बाया म्हणतात भाऊ डोळे चुरचुरतात, इकडची तासं नको, म्हणून किलोमागं जास्त द्यावे लागतात अन् वर व्यापारी मूठभर कापूस हातात धरून मळकट आहे म्हणत भाव पाडतो. शेजारच्या मोसंबीतही रस्त्याकडच्या झाडांवरच कोळी कीड जास्त, त्याच्या फवारण्या वेगळ्या.

ही झाली दिसणारी धूळ. गाड्या-कारखान्यांच्या धुरापासून उन्हात जमिनीलगत ओझोन वायू तयार होतो तो तर दिसतही नाही, पानात शिरून आतून इजा करतो, गहू अन् सोयाबीनला तो जास्तच बाधतो. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये अंदाज मांडला होता, २००५ सालच्या ओझोनमुळं देशात ३५ लाख टन गहू अन् २१ लाख टन तांदूळ कमी पिकला, तेवढ्यात ९.४ कोटी लोकांचं पोट भरलं असतं!

२०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात जालना, लातूर, औरंगाबाद (आता संभाजीनगर) ही शहरं आहेत, चांगलंच आहे, पण आमचं शिवार त्यात कुठंय? कृषी कार्यालयात गेलो तर म्हणाले ही नैसर्गिक आपत्ती नाही, पंचनामा होत नाही. आता बघा, २०१० च्या हरित न्यायाधिकरण (पर्यावरणाचे खटले चालवणारं न्यायालय) कायद्यात प्रदूषणानं पीक, फळबाग गेली तर भरपाई मागता येते, पाच वर्षांच्या आत अर्ज करायचा, खंडपीठही पुण्यातच आहे. पण पंचनामाच नसेल तर शेतकऱ्यानं पुरावा म्हणून काय दाखवायचं, पानावरची धूळ का?

म्हणून मागणी एवढीच की क्रशर, वीटभट्ट्या अन् औष्णिक केंद्राच्या राखेच्या टप्प्यातल्या शेतांचे पंचनामे सुरू करा, परभणीच्या कृषी विद्यापीठाकडून रस्त्याकडचा अन् आतला पिकाचा उतारा दरसाल मोजून घ्या, अन् तोवर निदान रस्त्यावर रोज टँकरनं पाणी मारा, हायवावर ताडपत्री टाका. मी यंदा रस्त्याकडचा कापूस अन् आतला कापूस वेगवेगळ्या गंजीत ठेवलाय, कृषी सहायकानं कधीही घरी येऊन दोन्ही हातात घेऊन बघावा.

आपला,
एक कापूस उत्पादक शेतकरी, ता. जि. जालना