गाडीची जाहिरात

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला जाहिरातीचा मजकूर वाचला. लिहिलायस सुरेख, पण 'उत्तम स्थिती' हे शब्द काढून टाक. जुन्या गाड्यांचा विमा उतरवणारे आणि किमती ठरवणारे हॅगर्टीवाले अशा गाड्यांच्या चार पायऱ्या मानतात. आपली एमजीबी, म्हणजे एमजी कंपनीची ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार, त्यातल्या चौथ्या पायरीवर आहे, 'फेअर'. म्हणजे चालते, रस्त्यावर नेता येते, पण दोष सहज दिसतात. जाहिरातीत तेच लिहायचं आणि किंमतही त्याच पायरीची लावायची.

सिल भरून घेऊन वरून रंग मारला तर दोन हजार पौंड जास्त येतील, असं तू फोनवर म्हणालीस. येतीलही. पण सिल म्हणजे काय हे तुला नीट सांगायला हवं. 1962 साली ही गाडी बाजारात आली तेव्हा आधीच्या एमजीए मॉडेलसारखी वेगळी चेसिस, म्हणजे खालची स्वतंत्र चौकट, तिला दिली नव्हती. जोडलेला पत्रा हाच तिचा सांगाडा. त्यात आपली उघड्या टपाची, वर पोलादी छप्पर नाही. त्यामुळे पुढचं आणि मागचं धड एकत्र धरून ठेवायचा मोठा भार दारांखालच्या या दोन सिलांवर, म्हणजे पत्र्याच्या पोकळ तुळयांवर, येतो. ते आतून सडले की गाडी मधोमध खचायला लागते. वरून नवा पत्रा चढवून पुट्टी फिरवली तर बाहेरून काही कळत नाही आणि आतला गंज वाढत राहतो. अशा गाडीत उद्या कुणीतरी आपल्या मुलांना बसवून नेणार. मला ते चालणार नाही.

मी परवा फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक सिलवरून फिरवलं. उजवीकडे ते सगळीकडे पकडतं. डावीकडे पुढच्या चाकामागे तळहाताएवढ्या जागेत पकडतच नाही, घसरून हातात येतं. तिथे आधीच्या कुणा मालकाच्या वेळची पुट्टी आहे. त्या बाजूला जॅक लावून गाडी उचलली की दार आणि मागचं मडगार्ड यांच्यातली फट वरच्या अंगाला बारीक होते. हे दोन्ही जाहिरातीत लिही. एमओटीच्या, म्हणजे गाडीच्या वार्षिक तपासणीच्या, नोंदीतही त्या गंजाची सूचना आहे, आणि ती नोंद गाडीचा नंबर टाकून कुणालाही पाहता येते. चाळीस वर्षांवरच्या गाडीला एमओटीची सक्ती नाही, तरी मी दरवर्षी करून घेतो ते याचसाठी.

चांगलं आहे तेही मोकळेपणाने सांग. 1798 सीसीचं इंजिन धडधाकट आहे. गरम झाल्यावर ताशी साठ मैलांवर तेलाच्या दाबाचा काटा पन्नासच्या आसपास स्थिर राहतो. दोन्ही एसयू बनावटीचे कार्ब्युरेटर एकमेकांशी जुळवलेले आहेत. ओव्हरड्राइव्ह, म्हणजे त्याच वेगाला इंजिनाचे फेरे कमी करणारी जोड, तिसऱ्या आणि चौथ्या गिअरला लगेच पकडतो. दुसरा गिअर थंडीत कुरकुरतो, मागचे शॉक अॅब्सॉर्बर तेल गाळतात, टपाची मागची प्लॅस्टिकची खिडकी पिवळी पडलीय. पेट्रोल कमी इथेनॉलचं ई-5 टाकावं, जास्त इथेनॉलच्या ई-10 मुळे जुन्या रबरी नळ्या खराब होतात, हे घेणाऱ्याला आवर्जून सांगायचं.

गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून मिळवलेला दाखला फाइलमध्ये आहे. 1972 मध्ये अॅबिंग्डनच्या कारखान्यातून ती हिरव्या रंगात बाहेर पडली, आताचा लाल रंग नंतरचा. तेही लपवू नकोस. हिरवी करणारा एखादा भेटला तर मला आनंदच होईल.

एका व्यापाऱ्याने बरी रक्कम सांगितली होती. इंजिन, गिअरबॉक्स आणि चाकं काढून बाकीचं भंगारात देणार म्हणाला. मी नाही म्हटलं. ही गाडी पुन्हा उभी राहू शकते. विटनीला ब्रिटिश मोटर हेरिटेज नावाची कंपनी आहे, ती अजून मूळच्या साच्यांवर एमजीबीचे पत्रे, अगदी आख्खी बॉडीसुद्धा तयार करते. वेल्डिंग येणाऱ्या माणसाला एक हिवाळा दिला की ती नीट होईल. तसा माणूस दोन पैसे कमी देत असेल तरी मी त्यालाच देईन, आणि यात तू मला अडवू नकोस.

व्यवहाराचं एवढं सांभाळ. लॉगबुकचा, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्राचा, फोटो जाहिरातीत टाकायचा नाही, कुणी मागितला तरी पाठवायचा नाही. चालवून बघायला मागणाऱ्याचा विमा आधी तपासायचा. पैसे बँकेत जमा झाल्याचं स्वतः पाहिल्यावरच किल्ली द्यायची, आणि त्याच दिवशी डीव्हीएलएला, म्हणजे गाड्यांची नोंदणी ठेवणाऱ्या सरकारी खात्याला, ऑनलाइन कळवायचं.

रविवारी सकाळी फोटो काढायला ये. कोरडी हवा असेल तर गाडी बाहेर घेऊ. डाव्या सिलचा फोटो जवळून हवा, चुंबक धरून, आणि तो पहिल्या पाचांत टाक. आईने पुरणपोळ्यांचा बेत ठरवलाय, तेव्हा जेवूनच जा.

तुझे,
बाबा