माकडताप आणि परदेशी संपादक

महोदय,

गोव्यातल्या वाळपई परिसरात मी बरीच वर्षे डॉक्टरकी केली. २०१५ पासून इथल्या सत्तरी तालुक्यात माकडतापाने डोके वर काढले. काजूच्या हंगामात बोंडू वेचायला रानात गेलेल्या बायका तापाने फणफणून यायच्या. हा ताप पसरवणारी गोचीड चावल्याचे त्यांच्या लक्षातही नसायचे. त्यावरचा आमचा लेख एका परदेशी वैद्यकीय नियतकालिकाने ‘स्थानिक विषय’ म्हणून साभार परत केला. संपादक मंडळ पाहिले, तर बहुतेक युरोप-अमेरिकेतले पुरुष! १८४० मध्ये सुरू झालेल्या ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’लाही पहिली महिला मुख्य संपादक, फिओना गॉडली, २००५ मध्ये लाभली. बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजातल्या प्राध्यापिकांनी अशा मंडळांवर जरूर जावे. मात्र या बिनपगारी कामाची दखल बढतीच्या वेळी घेतली जावी.

– एक निवृत्त डॉक्टर, वाळपई