वरंधा घाट आणि अमेरिकेची जाहिरात : सीबी रेडिओ सेटबाबत तक्रार पत्र

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग.

विषय : हातात धरायच्या सीबी रेडिओ सेटची जोडी व सोबतचे 'गाडी किट' यांची दिशाभूल करणारी जाहिरात. पूर्ण परतावा व मंजुरीची कागदपत्रे मिळणेबाबत.

महोदय,

तुमच्या वेबसाइटवरून मी सीबी सेटची (सीबी म्हणजे सिटिझन्स बँड, सामान्य माणसाला आपसात बोलायला असलेला २७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा रेडिओ पट्टा) एक जोडी आणि तिचे गाडी किट घेतले. बिलाची प्रत सोबत जोडली आहे. फोनवर सांगून झाले, ई-मेल करून झाले. दर वेळी समोर नवा माणूस आणि "सर, बॅटरी काढून परत घाला" हा तोच सल्ला. म्हणून आता लेखी कळवतो.

सेट बिघडलेले नाहीत, हे आधीच स्पष्ट करतो. दोन्ही चालू होतात, बटण दाबले की बोलतात, सोडले की ऐकवतात. त्यामुळे "सर्व्हिस सेंटरला पाठवून द्या" हे उत्तर मला नको. माझी तक्रार वस्तूबद्दल कमी आणि ती विकताना तुम्ही जे छापले त्याबद्दल जास्त आहे.

मी भोर तालुक्यात, नीरा देवघर धरणाच्या वरच्या अंगाला राहतो. घर उंचावर, शेत खाली, आणि धंदा भाजीपाल्याचा. आमच्या दोन पिकअप भोरहून वरंधा घाट उतरून महाडला जातात. धरण मागे पडले की मोबाइलची रेंज जाते, ती थेट खाली उतरल्यावर येते. मधे गाडी पंक्चर झाली, पुढे दरड आली, तर मागच्या गाडीला सांगायला कोणीतरी उलट चालत यायचे. तुमच्या जाहिरातीत मराठीत लिहिले होते, 'घरात, शेतात, घाटात : १० किमीपर्यंत स्पष्ट संभाषण. ४० चॅनेल. लायसन्सची गरज नाही. बटण दाबताच हवामानाचा इशारा.' माझी नेमकी गरज त्या चार ओळींत मांडलेली होती.

आता एकेक पाहू. सुरुवात हवामानापासून करतो, कारण त्याचा मला सर्वांत जास्त राग आला आहे.

सेटवर 'डब्ल्यूएक्स' असे बटण आहे. ते दाबले की सात चॅनेल फिरतात आणि सातही चॅनेलवर नुसती खरखर येते. ही सोय अमेरिकेची आहे. तिथल्या सरकारी हवामान खात्याची केंद्रे १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात सात चॅनेलवर दिवसरात्र हवामान सांगत असतात आणि वादळ आले तर इशारा देतात. तिथे या बटणाचा उपयोग आहेच. पण त्या लहरी आपापल्या केंद्राभोवतीच्या टापूपुरत्या असतात, त्या भोरला कशा येणार? भारतात त्या चॅनेलवर हवामान सांगणारे एकही केंद्र नाही. आपल्याकडे इशारा येतो तो मोबाइलवर, आणि मोबाइल चालत नाही म्हणून तर सेट घेतले! मूळ इंग्रजी माहितीपत्रकात हे बटण अमेरिकेपुरते आहे असे लिहिलेले आहे. म्हणजे मराठी मजकूर लिहिताना कोणीतरी ती ओळ वाचली, 'अमेरिका' गाळली आणि वर 'पावसाळ्यात घाटात अत्यंत उपयुक्त' असे स्वतःच्या मनाने जोडले. वरंधा घाटात पावसाळ्यात काय होते, हे त्या माणसाला ठाऊक नसावे. तिथे दरडी येतात, रस्ता बंद होतो. अशा ठिकाणी ड्रायव्हर न वाजणाऱ्या इशाऱ्यावर विसंबून राहिला तर जबाबदारी कोणाची?

याच माळेतली दुसरी ओळ म्हणजे 'आणीबाणीत चॅनेल ९ वर मदत मागा'. अमेरिकेत चॅनेल ९ नियमानेच आणीबाणीसाठी आणि वाटसरूंच्या मदतीसाठी राखलेले आहे. चॅनेल १९ वर ट्रकवाले बोलतात, तो त्यांचा रिवाज. १९७३ च्या तेलटंचाईनंतर तिथे ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा आली, डिझेल मिळेना, तेव्हा पंप कुठे उघडा आहे आणि पोलीस कुठे उभे आहेत हे एकमेकांना कळवायला त्यांनी सीबी उचलून धरला. त्या रस्त्यांवर ऐकणारी माणसे होती. इथे चॅनेल ९ वर हाक मारली तर ऐकणारा एकच, माझ्याच मागच्या गाडीतला माझाच ड्रायव्हर. पत्रकातून ही ओळ आजच्या आज काढा, एवढेच म्हणतो.

आता रेंज. घरावरून खाली शेतातल्या पंपापर्यंत, मधे आडकाठी नसताना, आवाज उत्तम येतो. हे मी मोकळ्या मनाने लिहितो. मोटार बंद कर, पाहुणे आलेत, वर ये, इतक्या कामाला सेट झकास आहेत. पण डोंगराची सोंड मधे आली की खरखर सुरू होते आणि दोन वळणांनंतर काहीच उरत नाही. पिकअपच्या केबिनमध्ये काचा लावून बसलो तर पुढची गाडी नजरेच्या टप्प्यात असताना शब्द तुटतात. सेट खिडकीबाहेर धरला की सुधारतात. घाटात एका हाताने स्टेअरिंग आणि दुसऱ्या हाताने सेट बाहेर, असे चालवणे तुम्ही जाहिरातीत दाखवले असते तर बरे झाले असते.

याचे कारण मला पुण्याच्या एका हॅम, म्हणजे हौशी रेडिओ चालवणाऱ्या, मित्राने समजावले, आणि ते तुमच्या तांत्रिक विभागाला माहीत नसेल असे मला वाटत नाही. २७ मेगाहर्ट्झची लहर साधारण ११ मीटर लांब असते. तिच्यासाठी साधा पाव-लहरी अँटेना करायचा तर पावणेतीन मीटरची काठी लागते. अमेरिकन ट्रकांच्या आरशांवर उंच लवचिक काठ्या दिसतात त्या याचसाठी, शिवाय खाली ट्रकचा सगळा लोखंडी सांगाडा आधाराला असतो. तुमच्या सेटवर वीतभर रबरी शेपूट आहे. त्यात तारेचे वेटोळे घालून लांबी भरून काढलेली असते, पण ताकदीचा मोठा भाग तिथेच मुरतो.

वॅटचेही तेच. खोक्यावर '४ वॅट' छापले आहे. ते मिळतात गाडीच्या १३.८ व्होल्टवर. सेटबरोबर तुम्ही आठ रिचार्जेबल सेल देता, ते प्रत्येकी १.२ व्होल्टचे, म्हणजे सगळे मिळून ९.६. व्होल्ट इतके उतरले की ताकद त्याच्या वर्गाच्या प्रमाणात उतरते, म्हणजे निम्म्यावर येते. हातात धरून चालताना ग्राहकाच्या वाट्याला दोन वॅटच्या आसपास येतात, ही गोष्ट खोक्यावर किंवा पत्रकात कुठेही नाही. '१० किमी' हा आकडा कोणत्या जागी, कोणत्या अँटेनाने, किती व्होल्टवर मोजला, हे मी ई-मेलने विचारले होते. उत्तर आले, "आदर्श परिस्थितीत". आदर्श परिस्थिती भोर तालुक्यात कुठे आहे ते कळवा, मी तिथे राहायला जातो.

घरातली खरखर मात्र मी तुमच्या खात्यावर मांडणार नाही. वीज गेली आणि इन्व्हर्टर सुरू झाला की, किंवा एलईडी पट्टी लावली की, सेट भुणभुणतो. जुन्या एएम पद्धतीचा रेडिओ असल्याने असे होणारच. आपल्याकडच्या सीबी पट्ट्याच्या बरोबर मध्यावर, २७.१२ मेगाहर्ट्झवर, प्लास्टिक सांधणारी कारखान्यातली यंत्रेही चालतात आणि कोणाचा कोणाला त्रास झाला तरी दाद मागायची सोय नाही. नियमच तसा आहे. पण सोबत दिलेल्या चार्जरबद्दल बोलावे लागेल. तो भिंतीत लावून सेट वापरला की खरखर इतकी वाढते की समोरचा ऐकूच येत नाही. 'घरी असताना प्लगवर अखंड वापरा' असे छापताना कोणी तो एकदा लावून पाहिला होता का?

इथे एक गंमत सांगतो. मधे काही दिवस दुपारच्या वेळी सेटमधून परकी माणसे बोलू लागली. भाषा कोणती ते शेवटपर्यंत कळले नाही. सौ. दचकल्या. मी कस्टमर केअरला फोन लावला, तर मॅडम आनंदाने म्हणाल्या, "सर, म्हणजे तुमच्या सेटची रेंज खूपच छान आहे!" सूर्यावरचे डाग वाढलेले असले की २७ मेगाहर्ट्झच्या लहरी आकाशातल्या विद्युतभारित थरावर आपटून हजारो किलोमीटरवर उतरतात. तो आवाज दुसऱ्या देशातला असतो आणि त्यात तुमच्या सेटचे कर्तृत्व काही नाही. हजारो किलोमीटरवरचा अनोळखी माणूस ऐकू येतो आणि दोन वळणांपलीकडचा ड्रायव्हर येत नाही, ही माझी अडचण मॅडमना पटवून देणे मला जमले नाही.

यापुढचा भाग कृपया तुमच्या कायदा विभागाला दाखवा.

रेंजची तक्रार केल्यावर तुमच्याच माणसाने 'गाडी किट' घ्यायला सांगितले. बॅटरीचा खालचा भाग काढायचा, त्या जागी अडॅप्टर बसवायचा, एक वायर लायटरच्या खाचेत, दुसरी टपावरच्या चुंबकी अँटेनाला. मी ते घेतले, लावले, आणि खरोखर फरक पडला. मग एका नाकाबंदीत हवालदारांनी टपावरची काठी पाहून गाडी बाजूला घ्यायला लावली आणि सेटचे कागद मागितले. ड्रायव्हरने बिल दाखवले. त्यांनी समजून घेतले आणि सोडले, पण जाताना "परवाना आहे का ते बघा" असे सांगितले. म्हणून मी बघितले.

२००५ साली केंद्र सरकारने २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ हा पट्टा परवान्यातून मोकळा केला. अट अशी की ताकद कमाल ५ वॅट आणि अँटेना सेटमध्येच बसवलेला. टपावरची चुंबकी काठी ही सेटमध्ये बसवलेला अँटेना कशी काय ठरते? म्हणजे 'लायसन्सची गरज नाही' या जाहिरातीखाली तुम्ही सेट विकला, आणि तो चालेना म्हटल्यावर त्याला त्याच सवलतीबाहेर नेणारी वस्तू वेगळे पैसे घेऊन विकलीत.

चाळीस चॅनेलचेही तसेच आहे. सेटवरची चॅनेल अमेरिकन यादीप्रमाणे आहेत, २६.९६५ पासून २७.४०५ पर्यंत. यातली १ ते २७ आपल्या पट्ट्यात बसतात. अठ्ठाविसावे चॅनेल २७.२८५ वर आहे, म्हणजे हद्दीच्या जेमतेम पलीकडे. तिथून चाळिसाव्यापर्यंतची १३ चॅनेल भारतात विनापरवाना वापरता येत नाहीत. तुमच्या सेटवर ती सगळी उघडी आहेत आणि पत्रकात इशाऱ्याचा एक शब्द नाही. उलट 'गर्दी टाळण्यासाठी वरची चॅनेल वापरा' असा सल्ला आहे. आमचा ड्रायव्हर सल्ल्याप्रमाणे चॅनेल ३५ वर बोलत होता. भोर-महाड रस्त्यावर सीबीची गर्दी ही कल्पना मात्र मला आवडली.

या मॉडेलला दूरसंचार विभागाच्या वायरलेस शाखेची मंजुरी, म्हणजे ईटीए, आहे का, असे मी विचारले. "सर्व प्रमाणपत्रे आहेत" असे उत्तर आले, पण प्रत आली नाही. ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या वॉकीटॉकी आणि तत्सम सेटबाबत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. सेट कोणत्या लहरींवर चालतो, परवाना लागतो की नाही आणि मंजुरी आहे की नाही, हे ग्राहकाला विक्रीच्या पानावरच कळले पाहिजे, असा त्यांचा रोख आहे. तुमच्या पानावर आजही लहरींचा आकडा नाही. सोबतच्या स्क्रीनशॉटमध्ये तारीख दिसते.

माझे मागणे असे. दोन्ही सेट आणि गाडी किट यांची बिलाप्रमाणे पूर्ण रक्कम परत करावी. किटला 'उघडलेली अॅक्सेसरी' म्हणून वगळू नये, कारण ते मी तुमच्या सांगण्यावरून घेतले. माल तुमच्या खर्चाने घरून उचलावा. सगळे मूळ खोक्यात भरून ठेवले आहे. ईटीएची प्रत मला पाठवावी, आणि ती नसेल तर 'नाही' असे लेखी द्यावे. जाहिरातीतून हवामानाचे बटण, चॅनेल ९ आणि १० किमी हे दावे काढावेत. ज्यांनी ज्यांनी हे किट घेतले त्यांना ते टपावर लावल्याने काय होते, ते तुम्ही कळवावे. माझ्यासारखे आणखी कोणी नाकाबंदीत नुसते बिल दाखवत उभे असतील.

बदलून दुसरे मॉडेल देण्याचा प्रस्ताव तुमच्या शेवटच्या ई-मेलमध्ये आहे. तो मला मान्य नाही. त्या मॉडेलच्या फोटोतही तेच 'डब्ल्यूएक्स' बटण दिसते.

ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे या पत्राची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात अपेक्षित आहे. तसे न झाल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. परवाना आणि चॅनेलचा भाग केंद्रीय प्राधिकरणाला स्वतंत्रपणे कळवणार आहे. त्यासाठी तुमच्या उत्तराची वाट पाहणार नाही.

आपला ग्राहक,
ता. भोर, जि. पुणे

सोबत : बिलाची प्रत, जाहिरातीचे स्क्रीनशॉट, मराठी माहितीपत्रकाची प्रत, आतापर्यंतचे ई-मेल.